सहाव्या दिवसाची पेटी

तंजावूरला माझे जे घरमालक होते, ते सरकारी विजेला बेसूर म्हणत. बिल जास्त आलं म्हणून नव्हे. टेलिफोन खात्यात उभी नोकरी झालेली, त्यामुळे तारेतली गुणगुण त्यांना आपल्याला माणसाचा आवाज ऐकू यावा तशी ऐकू यायची. पंखा असो, ट्यूब असो, रेडिओ असो, सगळ्यांची गुणगुण एकाच सुरात असते, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधोमध, असं त्यांचं म्हणणं. त्याला ते 'सरकारचा षड्ज' म्हणायचे. उन्हाळ्यात दुपारी गावातले सगळे पंखे एकदम फिरायला लागले, की हा षड्ज जरा उतरायचा. मग ओट्यावर बसल्या बसल्या ते बोट वर करायचे.

"ऐकिलें की? सरकार उतरलें."

"सरकार उतरो नाहीं तर चढो," मामी आतून म्हणायच्या, "टाकींत पाणी नाहीं. आधीं मोटर लावा."

मामी म्हणजे त्यांची बायको. त्यांना स्वतःला सगळे 'सार' म्हणत. तमिळमध्ये 'सर'चं सार होतं. मीही सारच म्हणायला लागलो. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यात तिकडं गेलेलं. घरात मराठीच बोलायचे, पण ते मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, त्याला तमिळ हेल, आणि मध्येच 'दा' नाहीतर 'अय्यो'. 'सगळं' ह्या शब्दाला ते 'अस्की' म्हणायचे. पहिले दोन महिने मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला "हो सार" एवढंच उत्तर देत होतो. निम्मं कळायचं नाही, आणि कळलं नाही असं सांगायची छाती नव्हती.

मी खानापूर तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली, आणि आमच्याकडची पोरं जातात तसा मी गलाईच्या कामाला दक्षिणेत गेलो. सोनारांच्या दुकानातला कीस, भुकटी, मोडके दागिने मुशीत वितळवायचे आणि त्यातून चोख सोनं काढून द्यायचं, हे आमचं काम. दहा वर्षं दुकानाच्या माळ्यावर झोपलो. लग्न झाल्यावर बायकोला आणायचं म्हणून खोली शोधायला निघालो, तर तेजाबाच्या वासाचे कपडे बघून कोणी दार पुरतं उघडेना. सारांनी उघडलं. भाडं किती, माणसं किती, काही विचारलं नाही. आत गेले, एक जुनी वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

"वाच."

त्यांच्या आजोबांची कीर्तनाची वही होती ती. देवनागरीत लिहिलेली. सारांना देवनागरी येत नव्हती! ते मराठी लिहायचे ते तमिळ अक्षरांत. "आमच्या घरीं मराठी तोंडाची आहे, कागदाची नाहीं," म्हणाले. मी वाचायला लागलो. अक्षर झोकदार होतं, शाई पसरलेली होती. जिथं लागेना तिथं मी आमच्या गावच्या भजनातलं जवळपासचं काहीतरी बसवलं आणि पुढं गेलो. सार डोळे मिटून ऐकत होते. वही संपली तेव्हा त्यांनी मामींना हाक मारली.

"खोली ह्यास द्या. शिकलेला आहे."

आयुष्यात मला शिकलेला म्हणणारे ते पहिले. मी इतका घाबरलो की दुसऱ्या दिवशी बाजारातून अंकलिपी आणून चोरून जोडाक्षरं घोटली.

सार कीर्तन करायचे. पापनाशमच्या पुढं कालव्याच्या काठी एक गाव आहे, तिथल्या मठात रामनवमीचा उत्सव असतो, आणि त्यातला सहावा दिवस त्यांच्या घराचा. पणजोबांपासून. बाकीच्या दिवशी कोणीही यावं. सहाव्या दिवशी ह्या घरातलाच माणूस उभा राहणार. सारांना त्या एका दिवसाचा एवढा अभिमान की नोकरीत असताना बढतीची बदली आली, ती त्यांनी ह्या कारणासाठी नाकारली. तिकडून सहाव्या दिवशी पोचता येईल की नाही, ह्याची हमी खातं लेखी देईना.

गळा फार थोर नव्हता. आख्यान मात्र, मराठी-तमिळ मिसळून, असं लावायचे की भातशेतीवाले आडदांड बाप्येही डोळे पुसायचे. पण लोक यायचे ते आणखी एका गोष्टीसाठी. सार भर कीर्तनात थांबून साथीदारांना झाडायचे. मागाहून नाही, हळू आवाजात नाही; माइकवर, नावानिशी. एका मृदंगवाल्याला म्हणाले होते, "तूं पुढें घरीं जा, दा. लय मागल्या बसनें येईल." व्हायोलिनवाल्याला विचारलं होतं की बोटाखाली तार आहे की गांडूळ. त्या मृदंगवाल्यानं तिथल्या तिथं मृदंगाला गवसणी घातली आणि मागल्या नव्हे, पुढल्याच बसनं घर गाठलं. असं करत करत तंजावूर ते कुंभकोणम एकही वाजवणारा उरला नाही. मी राहायला गेलो त्या वर्षी सार एकटे उभे राहिले होते, टाळ घेऊन. त्यानंतर मठाच्या मंडळाचं पत्र आलं. साथ नसेल तर ते कीर्तन नव्हे, भाषण. पुढच्या रामनवमीला पहिल्या पदापासून मंगलापर्यंत पुरी साथ असली पाहिजे. नाहीतर सहावा दिवस दुसऱ्याला.

पत्र वाचून सारांनी त्याची दोनदा घडी केली आणि खिशात ठेवलं.

"एखाद्याकडे जाऊन माफी मागा ना," मामी म्हणाल्या.

"कोणाकडे?"

"मृदंगवाल्याकडे."

"अय्यो, लय त्याची चुकली आणि माफी मीं मागूं?"

मामींनी हा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच सुमारास त्यांचा मुलगा बंगळूरहून आला होता, सॉफ्टवेअरमधला. कंपनीनं नवा लॅपटॉप दिला म्हणून जुना घरी टाकून गेला. ते दिवस असे होते की जिकडंतिकडं परदेशी वस्तू येत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर ब्राउझिंग सेंटर उघडत होती, आणि पैसे टाकले की काहीही मिळतं असं जो तो म्हणत होता. सारांनी आठ दिवस त्या लॅपटॉपकडं दुरून पाहिलं. नवव्या दिवशी जाहीर केलं की साथीदार मिळाला. साथ माणसाचीच हवी, असं पत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं.

मृदंग त्यांना येत होता, हार्मोनियमही थोडी. एकेक वाद्य स्वतः वाजवून त्यांनी लॅपटॉपात भरलं, पदामागून पद. शेवटी त्यांना मनाजोगता साथीदार भेटला, म्हणजे ते स्वतःच. मी समोर बसायचो, ते गायचे, आणि खूण केली की मी बटण दाबायचो. तिसऱ्या दिवशी ते गाता गाता थांबले.

"हा मृदंग कोणीं वाजविला?"

"सार, तुम्हीच."

"छे! केव्हां?"

"गेल्या मंगळवारी."

तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "मंगळवारीं मज ताप होता."

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज काढून शेजाऱ्यांकडून आणलेल्या ॲम्प्लिफायरला दिला, तेव्हा खरा घोटाळा कळला. आतली तबकडी फिरली की मृदंगाच्या मागं कुरकुर यायची, एखादा उंदीर पोहे खातोय तशी. चार्जर लावला की सरकारचा षड्ज. ह्यावर उपाय म्हणजे एक बाहेरची पेटी. लॅपटॉपातून एका वायरीनं आवाज घ्यायची आणि स्वच्छ करून माइकसेटला द्यायची. ब्राउझिंग सेंटरच्या पोरानं तिचं इंग्रजी नाव सांगितलं, ऑडिओ इंटरफेस. आम्ही आपली पेटी म्हणायचो.

ही पेटी निवडायला सारांनी सात महिने घेतले.

रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की आम्ही दोघं ब्राउझिंग सेंटरला जायचो. सार इंग्रजी वाचायचे, मला अर्थ सांगायचे, आणि मी वहीत देवनागरीत उतरवायचो, आणि ती वही त्यांना वाचता येत नव्हती. वाचता येत नसल्यामुळे तिच्यावर त्यांचा फार विश्वास होता. पेटी पिशवीत मावली पाहिजे. बटण दाबलं आणि आवाज आला ह्यांत पापणी लवायचाही उशीर नको. तंबोरा एका वाटेनं, मृदंग दुसऱ्या वाटेनं बाहेर पडला पाहिजे. मला कानाला लावून पुढचं पद आधी ऐकता आलं पाहिजे, लोकांना न ऐकवता. अशा अटींचं त्यांनी खात्याच्या भाषेत टिपण केलं आणि चेन्नईच्या दुकानदाराला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्या बिचाऱ्याला पेट्या विकणं एवढंच ठाऊक. त्यानं घाबरून एक पेटी बघायला म्हणून पाठवूनच दिली.

ही पहिली, चंदेरी. दोन हातांनी उचलायची, पुढं आठ भोकं, मागं भिंतीत लावायची वायर. दुसरी कुंभकोणमच्या एका कॅसेट स्टुडिओतून मागून आणली, काळी, साबणाच्या वडीएवढी. तिसरी निळी, सिंगापूरला मामींचे भाऊ होते, ते दिवाळीला येताना घेऊन आले. त्यांना मात्र ती अत्तराची वाटली होती, का कोण जाणे.

तपासणी पहाटे पाचला, शेजाऱ्यांच्या मोटरी सुरू व्हायच्या आत. मला वाटलं होतं की गाणी लावून ऐकायचं. सारांनी काहीच लावलं नाही. पेटी जोडली, आवाज शेवटपर्यंत वाढवला, एक हेडफोन स्वतःला, एक मला, आणि डोळे मिटून बसले.

"सार, काही वाजत नाहीये."

"तेंच ऐक. वाजवितात अस्की पेट्या चांगलें. उगी कशी राहते तें पाहावें."

दहा दहा मिनिटं आम्ही एकेका पेटीचं गप्प राहणं ऐकायचो. काळीच्या पोटात सारखं काहीतरी तळत असायचं. ती लगेच गेली. चंदेरी विहिरीसारखी गप्प होती, मागं भरपूर जागा असलेली. निळी देवघरासारखी गप्प. लहान, पण स्वच्छ. मला तरी असं वाटलं. मी तसं म्हटलं, तर सारांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि मामींना ओरडून सांगितलं, "पाहा, ह्यास कान आहे."

"मुलीच्या लग्नास एवढीं स्थळें पाहिलीं नाहींत," मामी म्हणाल्या. त्या कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. "आणि तिच्या वेळीं कोणीं गप्प बसविलें नव्हतें, दोन्हीकडचे बोलतच होते."

पेच चंदेरी आणि निळीत पडला. आवाजाला चंदेरी सरस, ह्यात शंका नव्हती. पण तिला भिंतीची वीज लागायची. मठाच्या गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, गेली की जनरेटर लावतात, आणि जनरेटरची वीज म्हणजे, सार म्हणायचे, दारू प्यालेला षड्ज. निळी मात्र भिंतीकडं काही मागायची नाही. वायरीतूनच लॅपटॉपचं खायची. खायची म्हणजे किती, तर तिच्यामुळं दोन तासांची बॅटरी पावणेदोन तासांत बसायची. आणि सारांचं कीर्तन तीन तासांचं.

"थोडं कमी केलं तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच केर काढायला उठलो.

एक महिना ह्यात गेला. मग एके दिवशी ते दुकानात आले, गलाईच्या आमच्या दुकानात, भर दुपारी, भट्टी पेटलेली असताना. तोंडावर धोतराचा सोगा धरून म्हणाले, "झोपवूं." मला वाटलं मामींना बरं नाही. पण ते लॅपटॉपबद्दल बोलत होते. मध्यंतरीचा सव्वा तास निरूपणाचा. त्यात गाणं नाही, वाद्य नाही. तेवढा वेळ लॅपटॉप झोपवायचा आणि पदाच्या आधी उठवायचा. बॅटरी पुरते. निळी पास!

ह्या झोपवण्याला एक नियम होता. आधी पेटीची वायर काढायची, मग झाकण मिटायचं. उठवताना आधी झाकण, मग वायर. उलट केलं तर लॅपटॉप उठतो, पण पेटीला ओळखत नाही. मग सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं, त्यात चांगली पाच मिनिटं जातात. घरी आम्ही ही तालीम शंभरदा केली. सारांनी नियम एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवला. मराठीत, तमिळ अक्षरांत. मला तमिळ बोलता येतं, सोनारांशी भांडण्याइतकं येतं. वाचता मात्र येत नव्हतं. बारा वर्षं तिकडं राहून वाचता येत नाही, हे त्या माणसाला कसं सांगू, ज्यानं मला शिकलेला ठरवलं होतं?

"कळलें की?" त्यांनी विचारलं.

"हो सार."

रामनवमी आली. सहाव्या दिवशी दुपारी दोनला कीर्तन. आम्ही सकाळच्या बसनं गेलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, निळी पेटी सारांच्या मांडीवर, मऊ टॉवेलात. मठापुढं मांडव, मांडवाच्या दोन अंगांना दोन माड, आणि दोन्ही माडांना सुंभानं बांधलेले पत्र्याचे कर्णे. सार त्या कर्ण्यांकडं बराच वेळ पाहत राहिले. माइकसेटवाला सेल्वम म्हणून एक गडी होता. त्यानं आमची सिंगापूरची वायर उलटीसुलटी करून पाहिली, तिचं टोक बसेल असं भोक त्याच्या ॲम्प्लिफायरला नव्हतं. आम्ही काही बोलायच्या आत त्यानं दातानं वायर सोलली, दोन तारा स्क्रूखाली दाबल्या आणि हलू नयेत म्हणून आगकाडी खोचली.

"ठीक आहे सार, वाजवा," तो म्हणाला.

सात महिने पहाटे पाचला उठून निवडलेली शांतता माडावरच्या कर्ण्यांतून बाहेर पडली, ती भजी तळल्यासारखी. तिन्ही पेट्यांतली कुठलीही लावली असती तरी तसंच ऐकू आलं असतं. मी सारांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"पेटींत दोष नाहीं," ते हळूच म्हणाले. "पेटीपर्यंत अस्की स्वच्छ आहे."

कीर्तन मात्र छान चाललं. मृदंग वेळेवर, हार्मोनियम सुरात. सारांना झाडायला जागाच राहिली नाही, आणि लोक जरा हिरमुसले. पहिल्या तासात दोनतीन म्हाताऱ्या उठून कालव्यावर पाय धुवायला गेल्या. मग निरूपण लागलं. सारांनी मला खूण केली. नेमकं त्याच वेळी मांडवाच्या कडेनं पापनाशमचे दोन सोनार आले, आमच्या दुकानाची गिऱ्हाइकं. मला तिथं बसलेलं पाहून त्यांनी कौतुकानं हात वर केला. मीही केला. आणि दुसऱ्या हातानं झाकण मिटलं.

वायर आतच होती.

सव्वा तास मी त्या वायरीकडं बघत बसलो. आता ओढू की नको? चिठ्ठीकडं पाहिलं, ती माझ्याकडं तमिळमध्ये बघत होती. निरूपणात काय आख्यान झालं, मला एक अक्षर आठवत नाही. पदाची वेळ आली, मी झाकण उघडलं, देवाचं नाव घेतलं. पडद्यावर पेटी नाही.

सारांनी ओळ म्हटली आणि मृदंगासाठी हात पुढं केला. काही नाही. पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा हात. मी खाली मान घालून सगळं बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पडद्यावर ती रेघ सरकायला लागली, गोगलगाईसारखी. वर माइकवर सारांचा आवाज बदलला.

"काय रे?" ते लॅपटॉपकडं वळून म्हणाले. "निजलास? तुज भात जास्त झाला की काय? तुझ्या आधीं इथें जे बसत, ते निजले तरी हात हालत असे त्यांचा!"

मांडव जागा झाला. कालव्यावर गेलेल्या म्हाताऱ्या पदर सावरत परत आल्या. सार लॅपटॉपला झाडत होते आणि लोक गुडघ्यांवर थापा मारत होते. त्याचं कूळ काढलं, त्याचा पगार काढला, बंगळूरचं पाणी काढलं. पाच मिनिटांनी मृदंग सुरू झाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलापर्यंत पुढं काही अडलं नाही. वाटलं, सुटलो.

कीर्तनानंतर मंडळाची माणसं मठाच्या पडवीत चटईवर बसली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर हरभऱ्याची उसळ वाटली. मंडळाचे चिटणीस पापनाशमचे सराफ, सारांना मानणारे. पण एक म्हातारे सभासद हटून बसले. पाच मिनिटं साथ तुटली होती, पत्रात 'पुरी साथ' लिहिलंय, सहावा दिवस राहत नाही.

चिटणिसांनी वाट काढली. तमिळमध्ये म्हणाले, "आपली रीत काय आहे? माणसाच्या हातून चुकलं तर ते धरायचं नाही. मागं एक मृदंगवाला घेरी येऊन पडला होता, आपण धरलं का? नाही. वाद्यच तुटकं आणलं तर मात्र धरायचं. ते आणणाऱ्याची बेफिकिरी. तेव्हा एवढंच सांगा सार. चुकलं ते पेटीचं, की ह्या तम्बीच्या हातून?"

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तम्बी म्हणजे मीच. माझं नाव घेतलं की सहावा दिवस राहत होता. इतकं सोपं. मी उसळीचं पान खाली ठेवलं आणि उठलो. "ऐया, वायर मी..."

"बस," सार म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मग चिटणिसांना तमिळमध्येच म्हणाले, "पेटीची निवड चुकली. निवड माझी. ह्यानं मी सांगितलं तसंच केलं."

"सार, नीट आठवून सांगा," चिटणीस म्हणाले. त्यांनाही बहुतेक कळलं होतं.

"सिलेक्शन एरर," सार इंग्रजीत म्हणाले, कारकुनानं लिहून घ्यावं अशा आवाजात. "तीन पेट्या होत्या. मी ही घेतली."

त्या म्हाताऱ्या सभासदानं मान हलवली. सहावा दिवस गेला. पुढच्या वर्षापासून कुंभकोणमच्या एका मंडळीला द्यायचा ठरला. सारांनी सगळं ऐकून घेतलं, नमस्कार केला, आणि उसळ आणखी आहे का विचारलं. मला वाटतं मुद्दाम विचारलं. कारण ती त्यांनी खाल्ली नाही, पान हातात धरून बसले.

परतीच्या बसला संध्याकाळ होती. गर्दीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. पापनाशम सुटल्यावर मी तोंड उघडलं.

"सार, चूक माझी होती. वायर आधी काढली नाही."

"ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाही? दिवस राहिला असता."

ते खिडकीबाहेर पाहत होते. कापलेल्या शेतांत बगळे उतरले होते.

"पडवींत कितीजण सराफ होते, मोजिलेंस?"

मी मोजले नव्हते. ते मला सांगत बसले नाहीत; मलाच समजलं. चिटणीस, ते दोघे सोनार, कडेला बसलेले आणखी तिघं. सगळ्यांचं सोनं आमच्या भट्टीवर यायचं. आमच्या धंद्यात कागद नसतो, पावती नसते. सोनार आपल्या डोळ्यांदेखत आपलं सोनं परक्या माणसाच्या आगीत टाकतो, ते फक्त ह्याच्या हातून चुकत नाही एवढ्या भरवशावर. ऐन वेळी ह्याचा हात चुकतो, असं एकदा चारचौघांत ठरलं, की पापनाशमपासून तंजावूरपर्यंत माझ्या मुशीत गुंजभरही कोणी टाकलं नसतं. दुकानाच्या शेठनं दुसऱ्या दिवशी गावाकडचं तिकीट काढून दिलं असतं.

"माझा दिवस वर्षांतून एक," सार म्हणाले. "तुज रोज भट्टी पेटवावी लागते."

डोळे भरून आले म्हणून मी मांडीवरच्या लॅपटॉपचा पट्टा उगाच घट्ट करत बसलो. पाया पडावं म्हटलं तर बसमध्ये वाकायला जागा नव्हती. मी म्हटलं, "सार, तुमचे उपकार..."

आणि तिथं त्यांचा बांध फुटला.

"उपकार राहूं दे! वायर आधीं की झांकण आधीं? बोल! शंभरदां तालीम केली की नाहीं? हात कोणास करीत होतास? भर कीर्तनांत हात करावयास तूं काय मंत्री आहेस? त्या काळ्या पेटीच्या पोटांत तळतें तसें तुझ्या डोक्यांत तळतें! लय गेली ती गेली, माझी ओळ दोनदां हवेंत लोंबली, माझ्या पणजोबांनीं तिथें..."

चढत्या आवाजात, उभ्या बसला ऐकू जाईल असं. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या बाकावरची एक बाई, डोक्यात मोगरा, मांडीवर भाजीची पिशवी, किती वेळ ऐकत होती कोण जाणे. भाषा कळत नव्हती तिला, पण झाडणं कळत होतं. अखेर ती मागं वळून तमिळमध्ये म्हणाली, "पुरे करा हो सार. बिचारा रडतोय. कोण आहे तुमचा?"

"माझा साथीदार आहे, अम्मा," सार तिला म्हणाले, आणि श्वास घेऊन पुन्हा माझ्याकडं वळले.